वारुळाची अळंबी: पक्की कशी ओळखायची आणि कशी वापरायची

तुम्ही विचारलंय की जोराचा पाऊस होऊन गेल्यावर वारुळाच्या आसपास पांढरट, मधोमध टोक असलेली अळंबी उगवलीत, ती खायचीच आहेत हे पक्कं कसं करायचं, शेजारी जी बारीक बारीक दाट उगवलीत ती त्यांचीच पिल्लं का, आणि शिजवायची नि टिकवायची कशी. सोबत टोपीचा वरून काढलेला फोटो दिलाय.

फोटोवरून मी हो म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तरी तुम्ही त्याच्या भरवशावर खाऊ नका. टोपी वरून कशी दिसते हा ओळखीतला सगळ्यात कच्चा भाग आहे. पांढरी, राखाडी, मधे तपकिरी झाक असलेली टोपी खायच्या अळंब्यालाही असते आणि जीव घेणाऱ्यालाही असते. मोबाईलवरची ओळखणारी ॲप्स पण तोच वरचा फोटो बघतात त्यामुळे त्यांचंही तेच होतं. वारुळाच्या अळंब्याची खरी खूण जमिनीखाली असते, आणि ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी खणून बघितली की मग पुढे फसायची शक्यता खूप कमी होते, म्हणून आधी तेच नीट सांगतो.

या अळंब्यांच्या गटाला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात, फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये हे नाव दिलं. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या वाळव्या बुरशी पाळतात त्यांच्याच घरात हे अळंबं होतं, दुसरीकडे जंगलात कुठेही नाही. कामकरी वाळवी वाळलेलं लाकूड, गवत, पालापाचोळा खाऊन येते, ते अर्धवट पचलेलं विष्ठेच्या रूपात टाकते आणि त्याचंच एक पोळं रचते. हे पोळं स्पंजासारखं सच्छिद्र, हलकं, वळ्यावळ्यांचं असतं. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही तो फोडते, आणि पोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या धरतात त्या वाळवी खाते. म्हणजे वाळवी शेती करते असंच म्हणायचं, आणि ही जोडी साधारण ३ कोटी वर्षं जुनी आहे. पाऊस पडून जमीन मुरली की त्याच पोळ्यातून अळंबं वर निघतं. पोळं जर हातभर खाली असेल तर देठाला हातभर माती फोडून वर यावं लागतं, म्हणून याला दोन गोष्टी मिळाल्यात. एक म्हणजे टोपीच्या मधोमध कडक टोक, माती भेदायला. दुसरी म्हणजे देठाच्या खाली लांबच लांब मूळ, जे थेट पोळ्यापर्यंत गेलेलं असतं. ते वनस्पतीचं मूळ नाही, देठच खाली निमुळता होत गेलेला असतो, पण आपण मूळच म्हणू.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. वारुळाच्या अगदी माथ्यावरचं नको, कडेला उगवलेलं एक पूर्ण वाढलेलं अळंबं निवडा. देठापासून चार बोटं लांब, एका बाजूनेच माती उकरायला लागा, खुरप्याने किंवा बोथट काठीने, घाई न करता. जमिनीच्या लगेच खाली देठ बऱ्याचदा थोडा फुगीर असतो आणि तिथून तो बारीक व्हायला लागतो. माती बाजूला करत जा, मूळ कधी सरळ जातं, कधी दगडाला वळसा घालतं. काही जातींमध्ये बाहेरून काळपट तपकिरी साल असते आणि मोडलं की आतून पांढरंशुभ्र, काहींमध्ये बाहेरूनही पांढरंच. ओढू नका, ओढलं की मधेच तुटतं आणि मग खाली काय होतं ते कळत नाही. शेवटी मूळ एका पोकळ खोलीच्या छतातून आत शिरलेलं दिसेल आणि खोलीत ते पोळं, त्यावर पळणारी वाळवी. पोळं दिसलं की थांबायचं, ते उचकटायचं नाही, माती परत लोटून दाबून टाकायची. हे सगळं त्या जागेवर एकदाच करायचं असतं, दरवेळी नाही. दरवेळी खणत बसलात तर वारूळही जाईल आणि अळंबीही. आणि हो, वारुळाच्या भोकात हात घालायचा नाही, त्यात साप बसलेला असू शकतो, उकरायच्या आधी काठीने आजूबाजूचं गवत हलवून बघा.

वारूळ वर दिसलंच पाहिजे असं काही नाही बरं का. बऱ्याच वाळव्यांचं घर पूर्ण जमिनीखाली असतं आणि वर सपाट माळ किंवा बांध दिसतो, तिथेही हीच अळंबी येतात. उलट वारुळाच्या बाजूला उगवलं म्हणून ते वारुळाचंच अळंबं असंही नाही, विषारी अळंबंही तिथे उगवू शकतं, त्याला कुणी मनाई केलेली नाही. जागा ही नुसती सूचना आहे, पुरावा म्हणजे मूळ पोळ्यात गेलेलं दिसणं.

मूळ बघितलं की बाकीच्या खुणा जुळवून बघा, आणि सगळ्या जुळल्या पाहिजेत, पाचातल्या चार जुळल्या म्हणून चालवून घ्यायचं नाही. टोपीच्या मधलं टोक बोटाने दाबून बघा, ते घट्ट आणि बाकी टोपीपेक्षा गडद असतं. टोपी पूर्ण उघडली की कडा बऱ्याचदा उभ्या फाटतात. टोपीखाली जे पातळ पातळ पडदे असतात, गिल्स, ते दाटीवाटीने असतात आणि देठाला चिकटलेले नसतात, देठाच्या अलीकडेच थांबतात. कोवळेपणी पांढरे, वाढल्यावर फिकट गुलाबी. देठ भरीव आणि रेषाळ, उभा चिरला तर धागे निघतात. देठावर कडं काही जातींना असतं, काहींना नसतं, म्हणून कड्यावर निर्णय करू नका. पण देठाच्या तळाशी पिशवी किंवा वाटीसारखा पापुद्रा कधीही नसतो, एकाही जातीत नाही. तो दिसला की तिथेच विषय संपला.

स्पोअर प्रिंट, म्हणजे टोपीतून गळणाऱ्या बारीक बीजकणांचा (स्पोअरचा) कागदावरचा ठसा, घ्यायला शिका, यात आळस नको. उघडलेल्या टोपीचा देठ कापून टाका, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवा, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा घेतलात तर कुठलाही रंग उठून दिसतो. वर एक वाटी पालथी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी टोपी अलगद उचलली की कागदावर गिल्सच्या रेघांचा ठसा दिसतो, बारीक पावडरीचा. वारुळाच्या अळंब्याचा ठसा गुलाबीसर किंवा गुलाबी झाक असलेला साय रंगाचा येतो. पांढराफेक आला, हिरवा आला, तपकिरी किंवा काळा आला, तर ते वारुळाचं अळंबं नाही. त्या रात्री बाकीची अळंबी खाऊ नका, फ्रीजमध्ये कागदात गुंडाळून ठेवा, एका रात्रीत फार बिघडत नाहीत.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते. सगळ्यात भयंकर म्हणजे अमानिटा हा अळंब्यांचा गट, ज्यात जीव घेणाऱ्या जाती आहेत. पांढऱ्या गिल्स, पांढरा ठसा, देठावर कडं, तळाशी पिशवी. ही पिशवी मातीत दबलेली असते, म्हणून ज्याने देठ जमिनीलगत कापून आणला त्याला ती कधीच दिसत नाही, आणि माणसं दगावतात त्यात असे प्रकार येतात. काही अमानिटांचा देठही मातीत बऱ्यापैकी खोल जातो, त्यामुळे 'खोल होता' एवढं पुरत नाही, खाली पोळं होतं का हे बघा. न उघडलेली कळी असेल तर उभी मधोमध चिरा. वारुळाची कळी टोकदार, लांबट आणि आतून घट्ट निघते, अमानिटाची कळी गोलसर आणि सबंध एका पापुद्र्यात गुंडाळलेली असते, चिरल्यावर त्या कवचाच्या आत छोट्या अळंब्याचा आकार दिसतो.

दुसरं क्लोरोफायलम मोलिब्डायटिस, जे हिरवळीवर, कुरणात, पावसानंतर मोठमोठं उगवतं. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं, आणि कोवळेपणी गिल्स पांढऱ्या, नंतर हिरवट राखाडी. ठसा हिरवट येतो आणि हिरवट ठसा येणारी अळंबी फारच थोडी आहेत, त्यामुळे इथे स्पोअर प्रिंट एका फटक्यात सोक्षमोक्ष लावते. याने सहसा जीव जात नाही पण एक ते तीन तासात ज्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात त्यात लहान मूल किंवा म्हातारं माणूस पार कोलमडतं.

एन्टोलोमा जास्त फसवं, कारण त्याचा ठसाही गुलाबीच येतो. पण त्याच्या गिल्स देठाला चिकटलेल्या असतात आणि खाली लांब मूळ नसतं. टोपी उभी चिरून गिल्स देठापर्यंत पोचतात की आधी थांबतात हे नीट प्रकाशात बघायचं, घाईत बघितलं तर चुकतं. आणि लांब मूळ असलेलंही एक दुसरं अळंबं आहे, ओडेमान्सिएला, त्याचं मूळ मातीत गाडलेल्या लाकडापर्यंत गेलेलं असतं. त्याच्या गिल्स रुंद, विरळ आणि देठाला लागलेल्या, टोपी ओली असताना बुळबुळीत, ठसा पांढरा. ते काही जीव घेत नाही, पण मूळ म्हटलं की लगेच हो म्हणायचं नाही हे त्यावरून लक्षात येईल.

तुमच्या बारीक अळंब्यांचं. ती मोठ्यांची पिल्लंच असतील असं नाही. टर्मिटोमायसिसमध्येच एक छोटी जात आहे, मायक्रोकार्पस, टोपी जेमतेम दोनेक सेंटीमीटर, शेकड्यांनी एकदम उगवते. वाळवी पोळ्याचे तुकडे बाहेर मातीवर आणून टाकते त्यावर ती येते, म्हणजे वरच्यावरच. त्यामुळे तिला लांब मूळ नसतं. ही जात खातात आणि चवीला छानच असते, पण तुम्ही यावेळी ती सोडून द्या असं माझं स्पष्ट मत आहे. जी खूण सगळ्यात भरवशाची तीच इथे मिळत नाही, आणि छोट्या आकाराच्या अळंब्यांमध्ये लेपिओटाच्या काही जाती आहेत ज्यात अमानिटाचंच विष असतं, इनोसायबी आहे ज्याने पाव ते दोन तासात दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी सुरू होतं. दाट उगवलेल्यात दोन वेगळ्या जाती मिसळलेल्या असल्या तर एक एक तपासणार कोण. आधी मोठ्यावर हात बसू दे, मग ज्याला ही छोटी जात माहितीय अशा माणसाबरोबर जाऊन शिका.

आता ज्या चाचण्या लोक छातीठोकपणे सांगतात त्यांचं. चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघा, लसणाचा किंवा तांदळाचा रंग बदलतो का बघा, किडे लागलेलं असलं की चांगलं, साल निघाली की चांगलं, गोगलगाय खाते म्हणजे आपल्याला चालतं, मीठ घालून दोनदा उकळून पाणी फेकलं की विष जातं. यातली एकही खरी नाही. अमानिटाच्या विषाचा चांदीशी काही संबंध नाही, किड्यांना ते बाधत नाही, त्याला वाईट वास किंवा चवही नाही, आणि उकळून, तळून, वाळवून, गोठवून ते जात नाही. ते यकृताच्या पेशींमध्ये प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. अर्धं अळंबं मोठ्या माणसाला पुरतं.

त्यातही घातक गोष्ट अशी की खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, माणूस म्हणतो झालं आता, आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी यकृत निकामी होतं. म्हणून अळंबी खाल्ल्यावर उशिरा सुरू झालेला त्रास हा लवकर सुरू झालेल्यापेक्षा जास्त गंभीर धरायचा. लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं, बरं वाटायला लागलं तरी जायचं, ज्याने ज्याने खाल्लं त्या सगळ्यांनी जायचं, आणि जाताना उरलेलं कच्चं किंवा शिजवलेलं अळंबं, नाहीतर कचऱ्यातले देठ, काही ना काही बरोबर न्यायचं. घरी मिठाचं पाणी पाजून उलट्या काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात वेळ जातो आणि इजाही होऊ शकते. याच कारणासाठी मी सांगतो की नवीन जागेवरची अळंबी पहिल्यांदा शिजवताना एक सबंध अळंबं, मुळासकट, कच्चं फ्रीजमध्ये दोन दिवस बाजूला ठेवत जा.

ओळख पक्की झाली की काढायचं कसं. सगळ्यात चांगली ती ज्यांची टोपी अजून पूर्ण उघडलेली नाही, थोडीशी छत्री धरलेली. पूर्ण सपाट झालेली दुसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि अळ्या होतात. देठ खाली धरून हलकासा पीळ देत वर घ्या, मूळ बोटभर मातीखाली तुटेल, ते ठीक आहे, पोळ्याला धक्का लागत नाही. पहाटे किंवा सकाळी काढा. पूर्ण उघडलेली तीन चार तरी तिथेच राहू द्या, आणि हे मी नुसतं चांगुलपणा म्हणून सांगत नाही, याला कारण आहे. बहुतेक जातींमध्ये नवीन वाळवीच्या जोडीकडे बुरशी नसते, त्यांचे पहिले कामकरी बाहेर पडून या अळंब्यांचे मातीवर पडलेले स्पोअर गोळा करून नेतात आणि त्यावर पहिलं पोळं धरतं. सगळी अळंबी कळीतच खुडली तर पसरायला स्पोअर येणार कुठून. घरी लागवड करता येते का असं बरेच जण विचारतात, तर नाही, प्रयोगशाळेत बुरशी वाढवता येते पण वाळवीशिवाय अळंबं धरवणं व्यापारी पातळीवर कुणाला जमलेलं नाही, म्हणून जे वारूळ आहे तेच सांभाळायचं.

कुठली काढायची नाहीत तेही सांगतो. ज्या शेतात किंवा बागेत वाळवीचं औषध टाकलंय तिथली अजिबात नाही, आणि हे या अळंब्याच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं आहे कारण लोक औषध नेमकं वारुळावरच ओततात. जमिनीच्या मालकाला विचारा. वर्दळीच्या रस्त्याकडेची, कारखान्याजवळची, कचऱ्याच्या ढिगाशेजारची पण नको, अळंबी मातीतलं शिसं, कॅडमियम, पारा ओढून घेतात आणि ते धुऊन जात नाही.

न्यायला टोपली किंवा कापडी पिशवी घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घाम सुटून दोन तासात काळवंडतात. वेगवेगळ्या जागेची एकत्र करू नका. घरी आल्यावर मूळ आणि देठाचा मातकट भाग कापून टाका, देठ जाडसर असेल तर साल सोलून घ्या, ती चिवट असते. माती आधी कोरडीच ब्रशने झटका, मग वाहत्या पाण्याखाली भराभर धुवा, भिजत घालू नका, पाणी पितात आणि चव जाते. गिल्समध्ये बारीक किडे दिसले तर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की ते बाहेर येतात, तेवढ्यापुरतं चालतं. मग टोपी हातानेच फाडा, सुरीपेक्षा बरी, आणि देठाच्या आडव्या चकत्या करा कारण उभे तुकडे केले तर धागे दातात येतात.

कच्चं खाऊ नका, सॅलडमध्ये वगैरे तर नकोच, अळंब्याच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं ते कच्चं पचत नाही. पसरट भांडं चांगलं तापवा, थोडंसंच तेल, आणि अळंबी एका थरातच टाका, गर्दी केली की वाफेवर शिजतात. पाच एक मिनिटात भरपूर पाणी सुटेल, घाबरू नका, मोठ्या आचेवर ते सगळं आटवून टाका. पाणी आटलं की आवाज बदलतो, सळसळ जाऊन चुरचुर यायला लागते, तेव्हा आणखी जरा तेल, लसूण, कांदा घाला आणि कडा तांबूस होईपर्यंत परता. मीठ शेवटी. सगळं मिळून पंधरा वीस मिनिटं तरी आचेवर पाहिजेच. मसाल्याचा मारा करू नका, या अळंब्याला स्वतःचीच एवढी दाट चव असते आणि देठाला जो चावा असतो तो दुसऱ्या कुठल्या अळंब्यात मला मिळालेला नाही. रस्सा करायचा असला तरी आधी असंच परतून घ्या आणि मग रश्शात सोडा.

पहिल्यांदा खाताना चार पाच तुकडेच खा आणि एक दिवस जाऊ द्या. चांगलं अळंबंसुद्धा एखाद्याच्या पोटाला मानवत नाही. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि ज्यांना यकृताचा त्रास आहे त्यांना मी स्वतः रानातली अळंबी देत नाही.

टिकवायचं म्हणाल तर ताजी फ्रीजमध्ये कागदात गुंडाळून जास्तीत जास्त दोन दिवस. फ्रीजरमध्ये टाकायची तर कच्ची टाकू नका, परतून पाणी आटवून मग गार करून डब्यात भरा. वाळवायची तर बोटभर रुंद पट्ट्या फाडून जाळीवर पसरा, पावसाळी हवेत नुसत्या उन्हावर भरवसा ठेवता येत नाही, ड्रायर किंवा ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशावर, दार किंचित उघडं ठेवून, वाकवल्यावर कटकन मोडेपर्यंत. नुसती वाकली आणि मोडली नाही तर अजून ओल आहे, परत आत टाका. पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा, गरम भरली तर बरणीला आतून दव धरतं आणि आठवड्यात बुरा येतो, आणि बुरा आलेली निवडून वापरायची नाहीत, अख्खी बरणी टाकून द्यायची.